सोनेगावचा मक्ता

बाबा डाक खात्यात होते आणि काही वर्षं त्यांना नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रात्रपाळी होती. जेवण आटोपलं की कानटोपी, मफलर, सायकलच्या हँडलला थर्मास, खिशात टॉर्च, आणि धंतोलीतून वर्धा रोडने थेट विमानतळ. आम्ही पोट्टे अंथरुणात शिरत असताना हा माणूस विमानं पाहायला निघतो, याचा मला भयंकर हेवा वाटायचा. ‘विमानं नाही रे, पोती पाहायला जातो,’ असं ते म्हणत. शेवटी १९७० च्या हिवाळ्यात, मी नऊ वर्षांचा असताना, आईचा विरोध मोडून त्यांनी मला एकदा सायकलच्या दांडीवर बसवून नेलं.

त्या रात्रीचे वास विमानांपेक्षा जास्त लक्षात राहिले आहेत. दमट तागाचा, लाखेचा, आणि त्या दोन्हींवर पसरलेला इंधनाचा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशी चार दिशांनी चार विमानं उतरायची. प्रत्येकाच्या पोटातून टपालाची पोती बाहेर यायची, लेबलं पाहून त्यांची वाटणी व्हायची, आणि मुंबईचं विमान बाकी तिघांची पत्रं घेऊन मुंबईला, दिल्लीचं दिल्लीला, असं पहाटेच्या आत सगळं पांगून जायचं. १९४९ साली रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना ही सेवा सुरू झाली. तिची खुबी अशी, की साध्या पत्राला विमानाने जायचं जादा तिकीट लागत नसे. नागपूर निवडलं गेलं ते इथल्या कोणा पुढाऱ्याच्या वजनामुळे नाही. चारही शहरांना मधोमध पडणारं गाव हेच. झिरो माइलच्या दगडाचा आम्हाला अभिमान आहेच, पण त्या मधोमध असण्याचा देशाला रोज रात्री उपयोग होत होता असा तो काळ.

बाबा टॉर्चच्या उजेडात एकेक लेबल वाचत आणि हातातल्या कागदावर खूण करत. उतरली किती, चढली किती. त्या रात्री एक पोतं कमी भरलं. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. विमानाचे पंखे फिरायला लागले होते, कोणीतरी बाबांवर ओरडत होतं, आणि बाबा शांतपणे पुन्हा पहिल्या पोत्यापासून सुरुवात करत होते. शेवटी त्यांचा टॉर्च माझ्यावर येऊन थांबला. मी थंडीने आखडून ज्याच्यावर बसलो होतो ते मद्रासचं पोतं होतं.

घरी येताना ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘आकडा जुळल्याशिवाय सही करायची नसते.’

आता त्याच सोनेगावला मी लेकीला सोडायला जातो. ती बंगळूरला असते. विमानतळाचं नाव २००५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ झालं, नवी इमारत २००८ च्या १४ एप्रिलला सुरू झाली, दोहा आणि शारजाहला इथून विमानं गेली. तरी माझ्या पिढीच्या तोंडी अजून सोनेगावच बसलं आहे. एकदा बाहेर बॅगा उतरवताना आमचा वाद झाला. विमानतळ खासगी कंपनीला चालवायला देण्याची बातमी तेव्हा पेपरात रोज होती आणि मी काहीतरी कुरकुरलो असणार. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला सरकारी म्हटलं की आपलं वाटतं. मला सरकारी म्हटलं की रांग दिसते.’

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. दिल्लीचा जुना विमानतळ मला आठवतो. डास, गळकी छतं, आणि बॅग येईल की नाही याची टांगणी. २००६ मध्ये तो खासगी हातात गेला आणि २०१० मध्ये तिथे जे तिसरं टर्मिनल उभं राहिलं ते पाहून मीही हरखलो होतो. तेव्हा खासगी म्हणजे लूट आणि सरकारी म्हणजे सेवा, असं सरळसोट मला म्हणता येत नाही. पण कुरकुर जात नव्हती. ती कशाची आहे हे मला कळलं ते विमानतळावर नाही, काटोल तालुक्यात, काकाच्या बगीच्यात.

भाडेपट्टा, सवलत करार, सार्वजनिक-खासगी भागीदारी, मालमत्तांचं मुद्रीकरण. या व्यवहाराला सरकारी कागदांत नावं बरीच आहेत. आमच्याकडे त्याला मक्ता म्हणतात. शेत तुझं, नाव सातबाऱ्यावर तुझं, पण ठरलेली वर्षं वाहणार मी, पीक माझं, तुला वर्षाचे इतके. आणि याच शब्दापासून मराठीत मक्तेदारी आली, हे गमतीचं आहे. कोणातरी जुन्या माणसाने ओळखलं असणार, की मक्ता घेणारा शेवटी काय विकत घेतो: दुसरं कोणी तिथे नसणं. संत्र्याच्या बाबतीत हे तितकं खरं नाही, कळमन्याच्या बाजारात शंभर बगीच्यांचा माल येतो. विमानतळाच्या बाबतीत मात्र शब्दशः खरं. नागपूरच्या माणसाला सोनेगावचा दर पटला नाही तर तो रायपूरला जाऊन विमान पकडणार आहे थोडाच.

काकाने २०१४ च्या पाडव्याला बगीचा पाच वर्षांच्या मक्त्याने दिला. गुडघे गेले होते, पोरं पुण्याला. घेणारा माणूस ओळखीतला, कष्टाळू, संत्र्यातला जाणता. पण कागदावर अंगठे-सह्या होण्याआधी काकाने दोन दिवस घेतले. एका बादलीत चुना कालवला, आणि पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत प्रत्येक खोडावर आकडा टाकला. चारशे वीस. मी सुट्टीत गेलो होतो, बादली माझ्याकडे होती. मी हसून म्हटलं, ‘काका, झाडं काय पळून जातात का?’

‘झाडं नाही पयत, पोट्ट्या. हिशेब पयते.’

आता सोनेगावच्या मक्त्याकडे येतो. आधी मालक कोण ते पाहावं लागेल, कारण इथे मालकच एक नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ही धावपट्टी वापरात आणली, स्वातंत्र्यानंतर ती केंद्राकडे आली. २००२ मध्ये राज्याने महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी काढली आणि मिहान नावाचं मोठं स्वप्न नागपूरला दाखवलं: मालवाहतुकीचं केंद्र, विशेष आर्थिक क्षेत्र, चार हजार हेक्टरांच्या पुढे जमीन. शिवणगाव, खापरी, तेल्हारा या गावांची शेतं त्यात गेली. २००९ मध्ये विमानतळ मिहान इंडिया लिमिटेड या जोडकंपनीकडे आला, तीत राज्याच्या कंपनीचे ५१ टक्के, भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ४९. दोन भावांच्या नावावर असलेल्या वावराचं जे होतं ते इथेही व्हायची भीती होतीच. एकाला विकायचं असतं तेव्हा दुसऱ्याला विचारावं लागतं.

मग निविदा निघाली. विमानतळ वाढवायचा, चालवायचा, आणि तीस वर्षांनी परत द्यायचा. एकूण उत्पन्नातला जास्तीत जास्त वाटा जो देईल त्याला काम. सगळ्यात वरची बोली जीएमआर कंपनीची ठरली, ५.७६ टक्के. म्हणजे विमानतळावर शंभर रुपये जमा झाले की मालकाला पावणेसहा. सरकारने वाढवून मागितलं. कंपनीने १४.४९ केले. ७ मार्च २०१९ ला कंपनीला काम दिल्याचं पत्र गेलं.

इथे मी पेपर खाली ठेवला होता, हे मला आठवतं. घासाघीस आपल्याला नवी नाही, सीताबर्डीत चादर घेतानाही आपण करतो. पण मागितल्यावर अडीचपट होणारा आकडा ऐकला की कोणत्याही गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न पडतो: मग आधीचा काय होता? आणि दुसरा, जो मला जास्त छळतो: पावणेसहाही चालले असते असं मालकाकडे कोणाला वाटलं होतं का? शेताची किंमत मालकाला आधी ठाऊक हवी. बोली आल्यावर ती कळत असेल, तर ती बोली लावणाऱ्याने सांगितलेली किंमत.

पुढचं तर आणखी विचित्र. वर्षभराने, मार्च २०२० मध्ये, पत्र रद्द झालं. विमानतळ आता चांगला नफ्यात आहे, तर इतक्या वाट्यावर कशाला द्यायचा, असा विचार मालकाच्या मनात आला. विचार वाईट नव्हता. उशिरा आला होता. कंपनी नागपूर खंडपीठात गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने रद्द करणंच रद्द केलं. ९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. मग फेरविचार, मग त्यावरची शेवटची उपचारात्मक याचिका, तीही सप्टेंबर २०२४ मध्ये निकालात निघाली. ८ ऑक्टोबरला करारावर सह्या झाल्या, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने सुमारे सात हजार कोटींच्या कामाची पायाभरणी केली. आणि त्यानंतरही ताबा काही लगेच गेला नाही.

पत्रापासून करारापर्यंत साडेपाच वर्षं. या काळात धावपट्टीचं काय, नव्या इमारतीचं काय, हे विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. देणाऱ्याने गुंतवणूक का करावी, उद्या तो सोडणार; घेणाऱ्याने का करावी, त्याच्या हातात काही नाही. ज्या जमिनीचा वाद कोर्टात आहे तिला कोणी शेणखत घालत नाही, हे कोणीही शेतकरी सांगेल.

न्यायालयावर मला राग नाही. दिलेला शब्द पाळा, एवढंच ते म्हणालं. माझ्या ओळखीतले एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, रोज सकाळी सोनेगाव तलावाच्या फेरीत भेटतात. ते म्हणाले, ‘सरकार हरलं ते बरं झालं. नाहीतर पुढच्या वेळी कोणी आपल्या पत्रावर विश्वास ठेवला नसता.’ ते म्हणतात ते मला पटतं आणि पटत नाही. पटतं, कारण पत्र हे पत्र असतं. पटत नाही, कारण चुकलेल्या हिशेबावर सही करणाऱ्याची सही किती पवित्र, यावर खटला चालला. हिशेब कोणाचा चुकला, यावर कधीच नाही.

बाकी ठिकाणचे आकडे या चौदा टक्क्यांशेजारी ठेवायचा मोह होतो. दिल्लीला ४५.९९ टक्के, मुंबईला ३८.७, दोन्ही २००६ चे. पण तुलना इतकी सोपी नाही. दिल्ली-मुंबईला गिऱ्हाईक आधीच दारात उभं होतं. आपल्याकडे वर्षाला तीस लाखांच्या आसपास प्रवासी, आणि पैसा आधी ओतायचा. हैदराबाद-बंगळूरला तर विमानतळ माळरानावर नव्याने उभे करायचे होते, तिथे चार टक्क्यांवर भागलं. मला जास्त बरी वाटली ती २०१९ ची दुसरी पद्धत. त्या वर्षी अहमदाबाद, लखनौ, जयपूर, गुवाहाटी, तिरुवनंतपुरम आणि मंगळूर हे सहा विमानतळ पन्नास वर्षांसाठी गेले, सगळे अदानी समूहाकडे, तेव्हा बोली टक्क्यांत नव्हती, दर प्रवाशामागे इतके रुपये अशी होती. अहमदाबादला १७७, मंगळूरला ११५. सहाच्या सहा एकाच घरी जावेत का, हा वेगळा प्रश्न आहे आणि मक्तेदारी हा शब्द तिथे दुहेरी लागू पडतो. पण मोजणीच्या दृष्टीने ही पद्धत स्वच्छ. डोकी मोजता येतात. ‘एकूण उत्पन्न’ मोजायला सीए लागतो, आणि उत्पन्न म्हणजे नेमकं काय यावरून मालक आणि चालक लवादापर्यंत गेल्याची उदाहरणं आहेत.

कारण विमानतळाचं उत्पन्न म्हणजे निव्वळ विमानं नव्हेत. एका खिशात विमान उतरण्याचं, उभं राहण्याचं भाडं आणि तुमच्या-माझ्या तिकिटात गुपचूप बसलेलं वापर शुल्क. दुसऱ्या खिशात दुकानं, जाहिराती, पार्किंग, हॉटेलं. पहिल्या खिशावर नियामकाची नजर असते. मोठ्या विमानतळांसाठी २००९ पासून त्याकरता स्वतंत्र नियामक आहे. दुसऱ्या खिशातल्या कमाईचे फक्त तीस टक्के पहिल्या खिशात टाकून प्रवाशांचा भार हलका करायचा, असं २०१६ च्या धोरणाने ठरवलं. उरलेले सत्तर चालवणाऱ्याचे. म्हणून नवीन विमानतळात शिरलं की विमानाकडे जायची वाट अत्तरांच्या आणि चॉकलेटांच्या दुकानांतून नागमोडी जाते. ती वाट चुकून तशी झालेली नसते. एका महानगरातल्या विमानतळावर मी एकदा चहाचे एवढे पैसे दिले, की तेवढ्यात आमच्या टपरीवर महिना निघतो. चहा कोमट होता, तेही सांगून ठेवतो. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला दहा रुपयांत चहा देणारं यात्री कॅफे सुरू झालं, तेव्हा सगळीकडे कौतुक झालं. कोलकात्याचा विमानतळ अजून भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्याच हातात आहे, आणि मालकाने ठरवलं तर दहा रुपयांत चहा देता येतो, एवढी साधी ती गोष्ट होती.

पहिल्या खिशाचं गणित याहून अवघड. तिथे चालवणाऱ्याला त्याने घातलेल्या भांडवलावर ठरावीक परतावा मिळतो. वाचायला वाजवी वाटतं. पण याचा अर्थ असा, की जितकं जास्त बांधाल तितका परतावा जास्त, आणि तो शेवटी प्रवाशाकडूनच येतो. दिल्लीचं जे टर्मिनल पाहून मी हरखलो, त्याचा खर्च अंदाजाच्या बराच पुढे गेला, आणि खड्डा भरायला मार्च २००९ पासून देशातल्या प्रवासाला दोनशे आणि परदेशी प्रवासाला तेराशे रुपये विकास शुल्क लागलं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०१२ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. तोवर लोकांनी पैसे भरले होते. मक्तेदाराने विहीर बांधली आणि बिल पाणी पिणाऱ्यांकडून वसूल केलं, असं काहीसं.

नागपूरला हे सगळं नवीन वाटायला नको होतं. या शहरावर असले प्रयोग आधी झाले आहेत. २०११ च्या मे महिन्यात महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांतलं वीजवितरण पंधरा वर्षांच्या कराराने खासगी कंपनीला दिलं होतं. मध्ये कंपनीचे मालक बदलले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये, मुदत संपायला बरीच वर्षं असताना, सगळं परत महावितरणकडे आलं. एका मध्यरात्री खांब, तारा, मीटर सगळं जुन्या मालकाच्या ताब्यात. माझे साडू महालात राहतात. त्यांना विचारलं, काय फरक पडला? म्हणाले, ‘बिलावरचं चिन्ह बदललं.’ ते थट्टेने म्हणाले, पण त्या रात्री परत घ्यायला महावितरण नावाचं कोणीतरी होतं, बाकी शहर चालवत होतं, त्याचे लाइनमन होते, त्यांना खांब ठाऊक होते, म्हणून दुसऱ्या दिवशी दिवे लागले. मालक शेती विसरला नव्हता.

तीस वर्षांनी विमानतळ परत येईल तेव्हा काय? आज ज्या अभियंत्याला सोनेगावच्या धावपट्टीखालचे नाले पाठ आहेत तो निवृत्त झालेला असेल. त्याच्या जागी सरकारने कोणाला भरलं नसेल, कारण काम दुसऱ्याकडे होतं. २००६ मध्ये दिल्ली-मुंबईच्या वेळी विमानतळ कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा त्यांच्या नोकऱ्यांची चर्चा झाली. त्यांच्या डोक्यात काय होतं आणि ते कुठे जाणार, याची फारशी झाली नाही.

हे दुखणं आपल्या एकट्याचंही नाही. अमेरिकेत मोठे विमानतळ बहुतेक शहरांच्या किंवा तिथल्या स्थानिक सरकारी संस्थांच्याच मालकीचे, आणि तिथेही ते दीर्घ मुदतीने देण्याचं वारं अधूनमधून वाहतं. शिकागोने आपला मिडवे विमानतळ नव्याण्णव वर्षांसाठी द्यायचं ठरवलं होतं, अडीच अब्ज डॉलरला. २००९ मध्ये घेणाऱ्यांना पैसा उभा करता आला नाही आणि ते अनामत सोडून गेले. पण त्याच सुमारास त्याच शहराने रस्त्यावरची पार्किंग मीटरं पंचाहत्तर वर्षांसाठी देऊन टाकली होती. तेव्हापासून मिरवणुकीसाठी किंवा दुरुस्तीसाठी शहराला स्वतःचा रस्ता बंद करायचा असेल, तर मीटरांच्या बुडालेल्या कमाईची भरपाई द्यावी लागते. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महालातला रस्ता बंद ठेवायला महापालिका कोणा कंपनीला पैसे मोजते आहे, असं डोळ्यांपुढे आणून बघा.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्यात दिलासा देते. आभाळ कोणी मक्त्याने देत नाही. धावपट्टी, इमारत, दुकानं काहीही कोणाकडे गेलं तरी हवाई वाहतुकीचं नियंत्रण विमानतळ प्राधिकरणाकडेच राहतं. नागपूर मधोमध असल्याने आमच्या डोक्यावरून दिवसरात्र विमानं जातात, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम. त्यातली बहुतेक इथे उतरत नाहीत. पण जमिनीवरच्या नियंत्रकाशी बोलून जातात, आणि वाट दाखवल्याचं शुल्क प्राधिकरणाला देऊन जातात. रात्री गच्चीवर झोपलो, की लुकलुकणारे दोन-तीन दिवे एकाच वेळी दिसतात. बाबांची चार विमानं बंद पडली ती सत्तरच्या दशकातच, पण या आभाळात त्यांची वाट अजून चालू आहे असं मी मनाशी धरून चाललो आहे. हे म्हाताऱ्याचे चोचले आहेत, लेकीला सांगितलं तर ती हसेल.

काकाचा मक्ता २०१९ च्या पाडव्याला संपला. सोनेगावचं ते पत्र जाऊन महिना झाला होता, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. मृगाचा बहार उतरून गेला होता, झाडं रिकामी होती. काकाला गुडघ्यामुळे एकट्याने फिरता येत नव्हतं, म्हणून मला बोलावलं. मी वही घेतली, त्याने काठी.

मक्तेदारावर अन्याय नको, म्हणून आधी हे सांगतो: त्याने पहिल्याच वर्षी ठिबक बसवलं होतं, पदरच्या पैशाने. काकाला वीस वर्षं जे जमलं नाही ते त्याने एका उन्हाळ्यात केलं, आणि मधली दोन वर्षं बगीच्याने असा माल दिला की गावात बोलणं झालं. पाच वर्षांत वसूल होईल असा खर्च त्याने हौसेने केला. शेवटच्या वर्षी मात्र सल काढलेली नव्हती. वाळलेल्या काटक्या झाडावर तशाच. खोडांना बोर्डो मलमाचा हात फिरला नव्हता, चाळीस-पन्नास झाडांच्या बुंध्यातून डिंक गळत होता. शेणखत कुठेच दिसत नव्हतं. त्याचं तरी काय चुकलं? ज्याची फळं आपल्याला खायची नाहीत त्याला खत कोण घालतो.

काका काठीने खोडाला टोकायचा, मी आकडा लिहायचा. चुना पाच पावसाळ्यांत धुऊन गेला होता, काही खोडांवर नुसता पांढरा डाग. मधेच एखादा आकडा शाबूत सापडायचा, दोनशे सात, दोनशे आठ, आणि मग एकदम दोनशे अकरा. तिथे काका थांबायचा. दोन खड्डे दिसायचे, कधी तेही बुजलेले. काही बोलायचा नाही, काठीने ‘पुढे’ अशी खूण करायचा. मक्तेदार दहा पावलं मागून येत होता, हात मागे बांधून.

तीनशे अठ्ठ्याऐंशीवर आम्ही धुऱ्याला पोचलो. काकाने वही मागितली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बोट लावत पानावरून गेला. मक्तेदार म्हणाला, ‘काका, काही जुनीच होती, डिंक्याने गेली.’

‘असन,’ काका म्हणाला. मग माझ्याकडे वळला. ‘चाल, आता इकडून तिकडे मोजू.’